पाखरं पाण्याला नाही, चिखलाला येतात

डिसेंबर उजाडला की सातारच्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते. एक तर ‘येरळवाडीत फ्लेमिंगोंचं आगमन’, नाही तर ‘येरळवाडीला यंदाही फ्लेमिंगोंची प्रतीक्षा’. दुसरी बातमी छापून आली की वडूजच्या बाजारात लोक मला गाठतात. शाळेतल्या मुलांना घेऊन इथल्या येरळवाडी तलावाच्या काठाने फिरणारा मास्तर म्हणून त्यांचा हक्काचा प्रश्न असतो : तलावात एवढं पाणी असताना पाखरं येत का नाहीत? आणि तिकडे ठाण्याच्या खाडीत, कारखान्यांच्या आणि पुलांच्या गर्दीत लाखभर कशी उतरतात?

शेजारचे आण्णा मेंढपाळ. उभं आयुष्य कोकणात आणि परत असं चालण्यात गेलेलं. त्यांनी हाच प्रश्न अधिक नेमका विचारला होता. “गुर्जी, हितं एवढं गोडं पानी सोडून पाखरं त्या वासाच्या चिखलात कशापायी जात्यात?”

उत्तर त्यांच्याच प्रश्नात आहे. पाखरं चिखलासाठीच जातात. किनाऱ्यावरचं पक्षी अभयारण्य समजून घ्यायचं तर पाणी बाजूला ठेवून आधी चिखल समजून घ्यावा लागतो. तो समजला की आपल्या तलावाचं कोडंही बरंचसं सुटतं.

स्थलांतर म्हणजे पळून येणं नव्हे

शाळेत आपण शिकलो की थंडी सोसत नाही म्हणून पक्षी उत्तरेकडून आपल्याकडे येतात. हे अर्धवट खरं आहे. पिसांचं पांघरूण असलेल्या पक्ष्याला नुसती थंडी मारत नाही, उपास मारतो. उत्तरेला बर्फ पडलं, तळी गोठली, जमीन दगडासारखी झाली की चोच रुतायला जागाच उरत नाही. अन्न तिथेच असतं, पण कुलपात.

आण्णांना हे समजावण्याची गरज पडली नाही. माण, खटाव, फलटणकडचे कितीतरी मेंढपाळ दिवाळी झाली की मेंढरांचा वाडा घेऊन घाट उतरतात. कोकणात भात कापून झालेलं असतं, चारा असतो, शेतकरी खतासाठी मेंढरं शेतात बसवून घेतात. पाऊस तोंडावर आला की पुन्हा वर, कारण कोकणच्या पावसात मेंढरू टिकत नाही. याला कोणी पळून जाणं म्हणत नाही. ही दोन घरं असलेली माणसं आहेत. पाखरांचंही तसंच. उत्तरेच्या उन्हाळ्यात दिवस लांबलचक, किडे मुबलक, म्हणून पिलं वाढवायला तिकडे. तिथलं ताट आवरलं की पोट भरायला इकडे.

इथे एक गैरसमज काढून टाकतो, कारण तो दरवर्षी छापून येतो. फ्लेमिंगो सायबेरियातून येत नाहीत. फ्लेमिंगोला मराठीत रोहित किंवा अग्निपंख म्हणतात. भारतात त्यांची मोठी वीण होते ती कच्छच्या मोठ्या रणात. पाऊस चांगला झाला की रणात उथळ खारं पाणी साचतं, त्यात ते चिखलाचे गोल चौथरे बांधतात आणि प्रत्येक जोडी एकच अंडं घालते. मोठे रोहित इराण आणि कझाकस्तानातही वीण करतात. २०२२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या १८८३ पासून काम करणाऱ्या संस्थेने ठाणे खाडीतल्या काही रोहितांवर उपग्रहाद्वारे माग काढणारी यंत्रं बसवली, तेव्हा ते इथून गुजरातकडे गेल्याचं दिसलं. म्हणजे हा बहुतांशी घरातलाच प्रवास आहे.

खरा सायबेरियाचा पाहुणा वेगळाच असतो आणि त्याचा फोटो कोणी छापत नाही. छोटा टिलवा नावाचा चिमणीएवढा, मातकट रंगाचा पक्षी. वजन तीस ग्रॅमच्या आत-बाहेर, म्हणजे मुठीत मावतील तेवढे शेंगदाणे. तो उत्तर ध्रुवाजवळच्या ओसाड माळावर जन्मतो आणि हजारो किलोमीटर उडून ठाण्याच्या खाडीत, तसाच येरळवाडीच्या काठावरही येतो. गुलाबी थव्यासमोर उभे असताना पायाशी धावणारा हा टिलवा बघायचा राहून जातो. मुलांना मी तो आधी दाखवतो.

वारीचा मार्ग आणि मधले मुक्काम

पक्षी आकाशात वाटेल तसे भटकत नाहीत. जगभर त्यांचे ठरावीक पट्टे आहेत. आपला देश ज्या पट्ट्यात येतो त्याला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रापासून हिंदी महासागरापर्यंत पसरलेला आणि तीस देशांना जोडणारा.

सातारकराला हे सांगायला पालखीमार्गापेक्षा चांगलं उदाहरण नाही. ज्ञानोबांची पालखी नीरेला स्नान करून आपल्या जिल्ह्यात येते. मग लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम. समजा आळंदी शाबूत आहे, पंढरपूरही शाबूत आहे, पण लोणंदच्या तळावर इमारती उभ्या राहिल्या. वारी कुठे विसावणार? पुढच्या मुक्कामापर्यंत उपाशी, न निजता किती जण चालतील? स्थलांतराचा मार्ग हा असा मुक्कामांनी बनलेला असतो. एक तुटला तर दोन्ही टोकं सुरक्षित असूनही वाट मोडते.

मुक्कामाचं महत्त्व शिदोरीमुळे आहे. लांबच्या उड्डाणाआधी हे पक्षी खाऊन खाऊन चरबी साठवतात. काही जातींचं वजन जवळजवळ दुप्पट होतं. हीच त्यांची शिदोरी, आणि हेच इंधन. या इंधनावर काय होऊ शकतं त्याचं सर्वांत थक्क करणारं उदाहरण आपल्या मार्गावरचं नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पट्टेरी शेपटीच्या गॉडविट जातीच्या एका पिलाने अलास्काहून टास्मानियापर्यंत सुमारे १३,५६० किलोमीटर अंतर अकरा दिवसांत पार केलं. कुठेही न उतरता. खाली सगळा प्रशांत महासागर, आणि त्याला पाण्यावर बसून विसावता येत नाही. त्या वर्षीच जन्मलेलं पिलू ते. ही शिदोरी त्याने बांधून घेतली ती किनाऱ्याच्या चिखलातून.

चिखलात असतं तरी काय?

खाडी म्हणजे समुद्राचा जमिनीत आत शिरलेला हात. नद्या-ओढे गोडं पाणी आणि गाळ आणतात, समुद्र खारं पाणी आणतो. दोन्ही भेटतात तिथे वेग मंदावतो आणि गाळ खाली बसतो. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या तिवरांच्या झाडांची पानं त्यात पडून कुजतात. असा वर्षानुवर्षं साचलेला मऊ थर म्हणजे चिखलपट्टी.

तिचा वास येतो हे खरं. चिखलाच्या आत हवा शिरत नाही, आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू पालापाचोळा कुजवतात तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. गोठ्यामागच्या उकिरड्यालाही वास असतो, पण शेतकरी त्याला घाण म्हणत नाही, खत म्हणतो. चिखलपट्टीत त्या खतावर पीक उभं असतं. वरच्या पापुद्र्यात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ, त्याखाली किडे, गांडुळांसारखे समुद्री कृमी, लहान शिंपले, खेकडे, कोळंबीची पिलं. प्रत्येकाची खोली ठरलेली.

आणि जेवढ्या खोल्या, तेवढ्या चोची. आपल्या शेतात खुरपं बोटभर जातं, कुदळ वीतभर, पहार हातभर. एकाच रानात तिन्ही अवजारं चालतात आणि एकमेकांना आडवी येत नाहीत. चिखल्या हा आखूड चोचीचा पक्षी खुरप्यासारखा, वरवरचं टिपतो. टिलवा आणि तुतवार त्याहून जरा खाली. शेकाट्या लांब लाल पायांवर उथळ पाण्यात उभा राहून वेचतो. उचाट्याची चोच टोकाला वर वळलेली, तो ती पाण्यात डावी-उजवीकडे झाडू मारल्यासारखी फिरवतो. कर्ल्यू नावाच्या पक्ष्याची चोच वीतभर लांब आणि खाली वाकलेली. खेकड्याच्या वाकड्या बिळात सरळ पहार शिरणार नाही, ही शिरते. म्हणून एवढ्याशा चिखलावर हजारो पक्षी असूनही भांडण कमी दिसतं.

रोहिताचं अवजार सगळ्यांत वेगळं : गाळणी. तो मान खाली घालतो तेव्हा चोच उलटी होते, वरची बाजू खाली. जीभ पिचकारीच्या दट्ट्यासारखी मागेपुढे होते, एका सेकंदात कित्येक वेळा. पाणी आत ओढलं जातं, बाहेर फेकलं जातं आणि चोचीच्या कडेच्या बारीक दातऱ्यांमध्ये अन्न अडकतं. चहा गाळताना पत्ती अडकते तसं. रंगही त्या अन्नातूनच येतो. शेवाळात गाजरासारखी रंगद्रव्यं असतात, ती पिसांत उतरतात. रोहिताचं पिलू राखाडी असतं, गुलाबी व्हायला त्याला दोन-तीन वर्षं जेवावं लागतं.

आपल्या तलावाच्या प्रश्नासाठी पुढची गोष्ट लक्षात ठेवा. रोहित दोन जातींचे. मोठा रोहित सव्वा ते दीड मीटर उंच, फिकट, गुलाबी चोचीला काळं टोक. त्याची गाळणी जाड जाळीची, तो किडे, शिंपले, अळ्या खातो, म्हणून गोड्या पाण्याच्या तलावावरही त्याचं भागतं. छोटा रोहित मीटरच्या आतला, गडद गुलाबी, चोच काळपट लाल. त्याची जाळी अगदी बारीक, मुख्य अन्न सूक्ष्म शेवाळ, आणि तसं दाट शेवाळ खाऱ्या पाण्यातच पिकतं. ठाण्याच्या खाडीत गुलाबी चादर पसरते ती मुख्यतः छोट्यांची. आपल्याकडे येतात ते बहुधा मोठे, तेही थोडके. येरळवाडीने ठाण्याशी आकड्यांची स्पर्धा करू नये, ते ताटच वेगळं आहे.

दिवसातून दोनदा वाढली जाणारी पंगत

मागच्या माघात आम्ही दहा जण ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य बघायला गेलो. खाडीचा सुमारे सतरा चौरस किलोमीटरचा हा भाग २०१५ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झाला. मालवणनंतरचं राज्यातलं हे दुसरं सागरी अभयारण्य. ऐरोलीला वन विभागाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, बोट तिथून सुटते. आण्णांनाही घेतलं. माथाडी कामाच्या निमित्ताने आमच्या तालुक्यातली कितीतरी घरं नवी मुंबईत वसली आहेत, आण्णांचा पुतण्याही कोपरखैरण्यात. त्यामुळे मुक्कामाची सोय होती.

पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते. पहाटे वडूज सोडलं, दुपारी एकला खाडीवर पोचलो. समोर काठोकाठ पाणी. तिवरांचे शेंडे आणि पाणी, बाकी काही नाही. एक पक्षी नाही. मुलांचे चेहरे मला अजून आठवतात. काठावर जाळं विणत बसलेल्या एका वयस्कर कोळी बांधवाने विचारलं, आज तिथी कुठली? द्वितीया, आम्ही म्हणालो. मग दीडला भरती आहे, आत्ता काय दिसणार, तो म्हणाला.

त्याने सांगितलेलं गणित किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. द्वितीया, दोनाची पाऊणपट दीड. दीडला भरती. सहा तास इकडे-तिकडे केले की ओहोटी, म्हणजे साडेसातला. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, सहाला भरती आणि बाराला ओहोटी. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधरा धरायचे, सव्वाअकरा येतात. घड्याळातले मिनिट जुळणार नाहीत, खाडीत आतवर पाणी पोचायला आणखी उशीर होतो, पण अंदाजाला पुरतं. आज भरती-ओहोटीचं वेळापत्रक फोनवर मिळतं, ते जरूर बघा. तरी पाचवीच्या मुलांना पाऊणकी शिकवताना मी आता हेच उदाहरण देतो.

गणित जुळतं कारण भरती मुख्यतः चंद्राच्या ओढीने येते. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाण. पाणी खूप चढतं आणि तितकंच खोल उतरतं. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात, तेव्हा भांग. चढउतार बेताचा. उधाणाच्या दिवसांत चिखल जास्त उघडा पडतो.

आता पक्ष्याच्या बाजूने बघा. चिखल पाण्याखाली असतो तेव्हा ताट झाकलेलं. पाणी उतरलं की पंगत बसते, काही तासांनी पुन्हा झाकली जाते. चोवीस तासांत साधारण दोनदा, कधी दिवसा, कधी रात्री. म्हणून हे पक्षी रात्रीही चरतात. त्यांचा दिवस सूर्यावर नाही, चंद्रावर चालतो.

दुसऱ्या दिवशी तृतीया. भरती सव्वादोनला, ओहोटी सव्वाआठला. आम्ही दहाच्या बोटीत बसलो. अगदी ओहोटीला बोट गाळात रुतते आणि अगदी भरतीला चिखल नसतो, त्यामुळे पाणी चढत किंवा उतरत असतानाचा मधला वेळच बोटीला आणि डोळ्यांना सोयीचा. पाणी हळूहळू चिखल गिळत होतं आणि त्याच्या कडेकडेने हजारो रोहित मागे सरकत होते. आण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “मेंढरं सुदीक अशीच सरकत्यात. चारा संपल तसं.”

बोटीत आमच्या शेजारी एकाने थवा उडावा म्हणून जोरजोरात टाळ्या वाजवायला सुरुवात केली. नावाड्याने त्याला लगेच थांबवलं ते बरं झालं. थवा उडतानाचा फोटो सुंदर येतो, पण पंगतीला बसलेल्या वारकऱ्याला घासागणिक उठवावं तसं ते आहे. पंगत तीन-चार तासांची. प्रत्येक उडण्यात शिदोरीतलं इंधन जातं आणि वेळ परत मिळत नाही. दुर्बीण न्या, मळखाऊ रंगाचे कपडे घाला, ड्रोन घरी ठेवा. नोव्हेंबर ते मे हा काळ, त्यातही जानेवारी ते एप्रिल उत्तम.

भरती आली की पाखरं जातात कुठे?

अभयारण्याबद्दल वाचताना बहुतेकांच्या नजरेतून सुटणारा भाग हा आहे. आम्ही पहिल्या दिवशी पोचलो तेव्हा लाखभर पक्षी नाहीसे झाले नव्हते. ते दुसऱ्या घरी गेले होते.

भरतीला चिखल बुडाला की लहान पायांच्या पक्ष्यांना उभं राहायलाही जागा नसते. ते जवळच्या मिठागरांत, उथळ तळ्यांत, मोकळ्या पाणथळीत जाऊन विसावतात आणि पाणी उतरण्याची वाट बघतात. म्हणजे पक्ष्याला दोन घरं लागतात : ओहोटीचं स्वयंपाकघर आणि भरतीची ओसरी. दोन्ही जवळजवळ हवीत, कारण ही ये-जा रोजची आहे. अडचण अशी की अभयारण्याची रेघ खाडीवर आखलेली असते आणि ओसरी रेघेबाहेर राहते. तिथली जमीन कागदावर मोकळी दिसते.

नवी मुंबईत नेरुळला असा एक तलाव आहे. खाडीचं पाणी नळांतून त्यात ये-जा करतं, तोवर तो पक्ष्यांची ओसरी असतो. २०२४ च्या उन्हाळ्यात पाण्याची ये-जा अडल्याने तो सुकू लागला, रोहित मेलेले आढळले आणि नागरिकांनी आवाज उठवला. तळं मारायला ते भरून टाकावं लागत नाही, त्याची भरती-ओहोटी बंद केली तरी पुरतं.

त्याच वर्षी २० मेच्या रात्री घाटकोपर भागात उतरणाऱ्या विमानाला रोहितांचा थवा धडकला आणि ३९ पक्षी मेले. एका घटनेवरून मोठा निष्कर्ष काढणं बरोबर नाही. पण रात्रीच्या वेळी थवे हवेत का असतात, कुठून कुठे जात असतात, हा प्रश्न दोन घरांच्या नकाशाशिवाय सुटणार नाही.

‘पण खाडीचं पाणी तर घाण आहे’

हा आक्षेप रास्त आहे. मुंबई-ठाण्याचं सांडपाणी खाडीत येतं. त्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस म्हणजे शेवाळाला घातलेला युरिया. शेवाळ माजतं, छोट्या रोहिताला ताट भरलेलं मिळतं. नव्वदच्या दशकापासून ते इथे येऊ लागले आणि वाढत गेले, त्यामागे हे एक कारण असावं असं अभ्यासक मानतात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या २०१९ च्या गणनेत संख्या लाखाच्या वर गेली होती.

मग सांडपाणी चांगलंच म्हणायचं का? ऊसपट्ट्यातल्या शेतकऱ्याला विचारा. खत ओतत राहिलं की पहिली काही वर्षं पीक डोळ्यांत भरतं, मग जमीन चोपण होते. शेवाळ अति झालं की कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं आणि चिखलातले किडे, शिंपले गुदमरतात. काही शेवाळं विषारीही असतात. केनियातल्या तळ्यांवर छोट्या रोहितांचे सामूहिक मृत्यू झाले, त्यात अशा विषारी शेवाळाचा हात असल्याचं संशोधकांनी नोंदवलं आहे. पक्ष्यांची गर्दी म्हणजे पाण्याच्या आरोग्याचा दाखला नाही. आणि जो पक्षी शेवाळ खात नाही, कृमी-शिंपले वेचतो, त्या टिलव्याच्या-कर्ल्यूच्या संख्येवरूनच खाडीची नाडी जास्त खरी कळते.

‘चिखलापेक्षा झाडं लावली तर?’

झाड लावणं हे पुण्य, आणि ओसाड दिसणारी जागा वाया गेलेली, असं आपल्या मनात पक्कं आहे. तिवरं मोलाची आहेतच. किनारा धरून ठेवतात, माशांच्या पिलांना आसरा देतात. पण उघड्या चिखलपट्टीवर तिवरं लावली की चोचीला चिखल उरत नाही, आणि सपाटीवर दूरवर नजर ठेवून जगणाऱ्या पक्ष्याला दाट झाडीत शिकारी दिसत नाही. ठाणे खाडीत गाळ साचत गेल्याने तिवरं आपोआपही पुढे सरकली आहेत. माळरानावर झाडं लावली की माळढोकाची जागा जाते, तसंच हे.

मग आपल्या तलावाचं काय?

आता आण्णांच्या प्रश्नाकडे परत येतो. खाडीची ओहोटी दिवसातून दोनदा. आपल्या तलावाची ओहोटी वर्षातून एकदा.

पावसाळ्यात येरळवाडी, मायणी, सूर्याचीवाडीचे तलाव भरायचे. दिवाळीनंतर पाणी शेतीला सुटायचं, काही वाफ व्हायचं, आणि डिसेंबर-जानेवारीपासून काठ उघडा पडू लागायचा. रोज वीतभर नवा ओला चिखल. त्यात अळ्या, किडे, गोगलगाई. ही सावकाश चालणारी ओहोटी पार उन्हाळ्यापर्यंत टिकायची आणि तिच्या कडेकडेने शेकाटे, चिखल्ये, टिलवे, तुतवार, आणि नशीब असेल तर मोठे रोहित चालत असायचे. रोहिताला पोहता येतं, पण जेवायला त्याची चोच तळाला पोचली पाहिजे. पाय आणि मान मिळून जेवढी खोली, तेवढंच त्याचं ताट.

म्हणून तुडुंब भरलेला तलाव पाहून आपल्याला आनंद होतो, तेव्हा मोठ्या रोहिताला तिथे झाकलेलं ताट दिसतं. भरतीला पोचलेल्या आम्हा दहा जणांना दिसलं तेच. पाणी खोल असलं की बुडी मारून खाणारी बदकं येतात. चालणारे पक्षी येत नाहीत. त्यात काठावर वेडी बाभूळ माजली, गाडी पाण्यापर्यंत गेली, कुत्री मोकाट फिरली, की उरलेली कडही जाते.

‘आपला तलाव तर माणसाने बांधलेला, त्याला अभयारण्याचं कौतुक कशाला?’ असंही ऐकतो. नाशिकचं नांदूर मध्यमेश्वर गोदावरी आणि कादवेच्या संगमावरच्या बंधाऱ्यामुळेच तयार झालं, आणि २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा म्हणून जाहीर झालं. रामसर हे इराणमधलं गाव. १९७१ मध्ये तिथे पाणथळ जागा जपण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्या यादीतल्या जागांना हे नाव लागतं. ठाणे खाडी २०२२ मध्ये त्या यादीत गेली. बांधलं कोणी हे पाखरू विचारत नाही. आपल्या मायणी परिसरालाही २०२१ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला आहे.

‘शेतीच्या पाण्यापेक्षा पाखरं मोठी का?’

हा प्रश्न खटावात विचारला जाणारच, आणि विचारणाऱ्याला मी दोष देत नाही. टँकरच्या रांगेत घागरी घेऊन उभं राहिलेली आमची पिढी आहे. उरमोडी, जिहे-कठापूर, टेंभू या योजनांचं पाणी तालुक्यात आलं तेव्हा माणसं रडली आहेत. ते पाणी अडवा असं मी कधीही म्हणणार नाही.

पण पाखरांना पाणी कमी नको आहे, उथळ कड हवी आहे. दहा फूट खोल पाण्याच्या मधोमध त्यांचं काही काम नाही. तलावाच्या फुगवट्याच्या बाजूला, जिथे उतार सौम्य आहे, तिथली माती खणून नेली नाही, तिथे खड्डे पाडले नाहीत, तर पातळी वीतभर उतरली तरी बरीच लांब पट्टी उघडी पडते. तीव्र उतारावर तेवढ्याच पाण्यात दोन पावलं चिखल मिळतो. परातीत आणि कळशीत तांब्याभर पाणी कमी करून बघा, फरक लगेच दिसेल. गाळ काढताना कुठून काढायचा, शेतीच्या पाण्याचं आवर्तन कधी सोडायचं, हे ठरवताना ही एक गोष्ट टेबलावर असावी एवढंच मागणं आहे. पाखरं मासे फस्त करतील ही भीती रोहित-टिलव्यांबाबत तरी अनाठायी आहे. मेलेलं पाखरू दिसलं तर मात्र हात लावू नका, वन विभागाला किंवा पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. बर्ड फ्लूच्या काळात हे फार महत्त्वाचं.

आमच्याकडे अजून एक गोष्ट नाही : नोंद. कोणत्या महिन्यात पातळी किती होती आणि त्या दिवशी काठावर कोण होतं, हे कोणी लिहून ठेवलेलं माझ्या हाती लागलं नाही. म्हणून या दिवाळीच्या सुट्टीनंतर सातवीची मुलं आणि मी येरळवाडीच्या फुगवट्याच्या बाजूला एक बांबू रोवणार आहोत. वीत-वीत अंतरावर लाल रंगाच्या खुणा. दर रविवारी सकाळी पाणी कुठल्या खुणेवर आहे ते लिहायचं आणि समोर दिसतील ती पाखरं मोजायची, गुलाबी असोत की मातकट. बांबू आण्णा देणार आहेत. वाडा कोकणात निघण्याआधी ते स्वतः येऊन रोवून देतो म्हणालेत.